रेडिओचं तोंड, बटाट्याचं टोक

टेबलावर पाच ताटल्या मांडल्या होत्या आणि टेबलाभोवती पाच माणसं उभी होती. पोलीस चौकीत ओळखपरेड असावी तशी. ताटल्या काचेच्या, तळहाताएवढ्या, झाकण लावलेल्या. दोन-तीन दिवसांपूर्वी प्रयोगशाळेच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेका ताटलीसमोर बसवलं होतं आणि सांगितलं होतं, "नेहमी लावता तसाच मास्क लावा आणि काम करताना बोलता तसंच बोला." ताटलीत जंतूंना आवडेल असा खुराक होता. ज्याच्या तोंडातून जे उडेल ते त्या खुराकावर पडणार, उबेत ठेवलं की वाढणार, आणि आज सगळ्यांसमोर उघडं पडणार.

"झाकणं काढू नका. वरूनच बघा," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या ताटलीत दोन ठिपके. दुसरीत चार. आचाऱ्याच्या ताटलीत एकच, तोही कडेला. "हा मिशीतला असणार," आचारी स्वतःच म्हणाला, पण नेहमीसारखं कोणी हसलं नाही. मग सगळ्यांच्या नजरा चौथ्या ताटलीकडे गेल्या आणि तिथेच अडकल्या. तिथे बाग फुलली होती. पांढरे, मळकट, चकचकीत ठिपके एकमेकांना खेटून असे बसले होते की खालचा खुराक दिसेना.

चौथी ताटली रेडिओची होती.

"रोपांच्या नळ्यांत झालेला पांढरा चिकटा तो हाच," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मी दोन्ही तपासून घेतले. दोन्ही एकच आहेत."

रेडिओने तोंड उघडलं. आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच त्या तोंडातून काहीही बाहेर आलं नाही.

तिला रेडिओ म्हणत ते तिच्या तोंडावरही म्हणत. तिची त्याला हरकत नव्हती. नव्या माणसाला तीच सांगायची, "मला रेडिओ म्हणतात. बटण नाही, सेल नाही, बंद करायची सोय नाही." आणि नशिबाची थट्टा अशी की या बाईला काम मिळालं होतं ते गप्प बसून करायचं. शेती संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर एक काचेची खोली होती आणि त्या खोलीत चार लॅमिनार होते. लॅमिनार म्हणजे समोरून उघडं असलेलं स्टीलचं कपाट. त्याच्या मागच्या जाळीतून गाळलेल्या हवेचा झोत सारखा आपल्या तोंडावर येत राहतो, म्हणजे बाहेरची धूळ आणि जंतू आत जात नाहीत. त्या झोतासमोर बसून रोपांचे लहान लहान तुकडे करायचे आणि ते नळीतल्या, बरणीतल्या गोड जेलीत रोवायचे. एका तुकड्याचं एक रोप होतं, त्या रोपाचे पुन्हा तुकडे. अडचण एवढीच, की जी जेली रोपाला आवडते ती बुरशीला आणि जंतूंना त्याहून जास्त आवडते. एक शिंतोडा पडला की रोप राहतं बाजूला आणि बरणीत भलत्यांचीच पंगत बसते. म्हणून नियम: लॅमिनारवर बसलं की तोंड बंद.

ही जेली शिजवणारा माणूस म्हणजे आचारी. तो शिकलेला होता रसायनशास्त्र, पण भल्यामोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्राच्या शिट्ट्यांत त्याची हयात गेल्यामुळे त्याला दुसरं काही म्हणायची कोणाला सवयच उरली नव्हती.

रेडिओ नियम मोडत होती असं तिला कधी वाटलंच नाही. तिच्या मते मास्क लावल्यावर नियम पाळून होत होता. फक्त शेजारच्या लॅमिनारवर बसणाऱ्या बाईला नीट ऐकू जावं म्हणून ती मास्कची खालची कड बोटभर सैल ठेवायची. बोटभरच. त्या बाईला सगळे शेजारीण म्हणत, कारण रेडिओच्या शेजारी बसणं हे तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम होतं. रेडिओचा हात मात्र असा, की बघत राहावं. बोलणं एकीकडे धावतंय आणि हात दुसरीकडे, जणू दोघांची ओळखच नाही.

तिच्या कार्यक्रमात एक गोष्ट वरचेवर लागायची. लग्न ठरल्यावर ती आणि नवरा पहिल्यांदाच फिरायला गेले त्या दिवसाची. घाटात बस बंद पडली. दोघं चालत खाली उतरायला लागले. वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि नवऱ्याने खिशातून घड्याळाच्या पट्ट्याची पिन काढून तो जोडून दिला. मागे एक कुत्रा लागला होता. बस हिरवी, चप्पल डाव्या पायातली, कुत्रा एका कानाचा आणि ऊन असं की डोकं फुटावं. हे तपशील काचेच्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होते. आचारी तर जेली ढवळताना म्हणायचा, "आज बस घाटात लागली का गं?" नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्या सबंध प्रवासात तो फक्त ‘हं’ म्हणाला होता, आणि लग्नानंतरही त्याने त्यात फारशी भर घातली नव्हती.

इथवर सगळी गंमत होती. गंमत संपली ती लाल डोळ्याच्या बटाट्यापाशी.

हा बटाटा डोंगरातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लावलेला. दिसायला यथातथाच, पण करपा त्याला हात लावत नसे. करप्याची बुरशी पानाच्या ज्या पेशीत शिरते, ती पेशी तिथल्या तिथे स्वतःला मारून टाकते. बुरशीला पुढे खायलाच काही उरत नाही आणि शेजारच्या पेशी वाचतात. इतर बटाट्यांना हे जमत नाही, निदान इतक्या झटपट जमत नाही. हे कसं होतं ते शोधायला कुठकुठले संशोधक टपून बसले होते. पण बटाट्यापासून बटाटा लावत गेलं की रोगही वारसाहक्काने मिळतो. या जातीत इतके विषाणू साठले होते की पानं चुरगळायची आणि बटाटे गोट्यांएवढे निघायचे. शेवटी डोंगरातल्यांनीही नाद सोडला. उरलेलं एक पोतं मॅडमकडे आलं. दुसरीकडे कुठेच ते बियाणं नव्हतं. शोधून झालं होतं.

उपाय एकच. कोंबाच्या अगदी टोकाला, जिथे पेशी भराभर वाढत असतात आणि रस वाहून नेणाऱ्या नळ्या अजून तयार झालेल्या नसतात, तिथे बहुतेक विषाणू पोचत नाहीत. कोंब उबदार कपाटात ठेवून विषाणूंना आणखी मंद करायचं आणि ते टोक, फक्त तेवढंच टोक, कापून जेलीत वाढवायचं. टोक म्हणजे मिठाच्या खड्याहूनही लहान.

पोत्यातले निम्मे बटाटे सडले होते. उरलेल्यांपैकी बरेचसे उबदार कपाटातल्या उष्णतेत दगावले. वाचलेल्या कोंबांची टोकं रेडिओने कापली, आठ नळ्यांत रोवली. आठही नळ्यांत पांढरा चिकटा झाला. आता कपाटात एकच बटाटा होता आणि त्याला एकच कोंब.

ताटल्या आवरल्यावर मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. मॅडम बारीक चणीच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं म्हणून काळा चष्मा.

रेडिओ दारातच उभी राहिली. "मॅडम, उद्यापासून यायचं की नको?"

"उद्या यायचंच. तो कोंब कोण कापणार?"

"मी?" तिला वाटलं मॅडम टोमणा मारताहेत.

"मी कापला असता. पण या डोळ्यामुळे सूक्ष्मदर्शकात सगळं सपाट दिसतं, वर काय नि खाली काय ते कळत नाही. तुमच्या शेजारणीने खूप सराव केला. तिला मोठे तुकडे छान जमतात, टोक सापडत नाही. तुम्हाला सापडतं. मला तुमचा हात हवा आहे. तोंड नको."

"दोन्ही एकाच अंगाला आहेत, मॅडम."

"माहीत आहे. म्हणूनच तर झोप येत नाही."

"आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"तर हा बटाटा संपला," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "आणि मग मी तुम्हाला लॅमिनारवर बसवू शकणार नाही. बरण्या धुवायला जागा आहे. कोंबाची पानं पिवळी पडायला लागली आहेत. हा आठवडा धरेल, त्यापुढचं सांगता येत नाही."

रेडिओने मनाशी ठरवलं. बोलायचं नाही. कामावर तर नाहीच, पण घरीही नाही, म्हणजे सवय होईल. तोंडाला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकायची.

दुसऱ्या दिवशी साध्या बटाट्याच्या कोंबांवर सराव सुरू झाला. मास्क घट्ट, कडा चिकटपट्टीने बंद. ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली. कोंबाची बाहेरची पानं सोलून काढली, मग आतली, मग त्याहून आतली. सगळ्यात आत ते टोक दिसलं. गोल, ओलं, चकचकीत. पातं पुढे केलं. आणि पातं थरथरलं.

थोडंसंच. पण सूक्ष्मदर्शकाखाली थोडंसं म्हणजे भूकंप. टोक फाटलं.

दुसरा कोंब घेतला. फाटलं. तिसऱ्याचं टोक कापलं गेलं, पण इतकं मोठं की त्याच्याबरोबर विषाणूही सुखाने आले असते. चौथ्याला तिने श्वास रोखून धरला तर हात आणखीच हलायला लागला. काचेपलीकडून मॅडम बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्या न विचारण्यानेच रेडिओचे कान तापले.

"काय गं, बरं नाही का?" दुपारी शेजारणीने विचारलं.

रेडिओने नुसती मान हलवली.

शेजारीण धावतच आचाऱ्याकडे गेली. "अहो, तिचं काहीतरी बिनसलंय हो! मी ‘बरं आहे का’ विचारलं तर उत्तर दिलं नाही तिनं. मला कसंतरीच होतंय."

आचाऱ्याने गॅस बारीक केला. "मला सकाळपासून वाटतंच होतं कुठलं तरी यंत्र बंद पडलंय म्हणून. इतकं शांत."

घरी तर त्याहून कठीण प्रसंग. नवरा दुकानातून आला, हातपाय धुतले आणि नेहमीप्रमाणे ऐकायला बसला. ऐकायला काही नव्हतं. तिने चहा पुढे ठेवला, बशीत सांडलेला. त्याने चहाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"हं?" तो म्हणाला.

तिने बशी पुसली.

त्या माणसाची मग जी त्रेधा उडाली ती बघण्यासारखी होती. अनेक वर्षं फुकट चाललेला नळ अचानक कोरडा पडावा तसं झालं. तो उठला, खिडकी उघडली, बंद केली. "आज एक घड्याळ आलं," तो म्हणाला. मग बराच वेळ गेला. "गजराचं." पुन्हा वेळ गेला. "वाजत नाही." एवढं बोलून त्याला दम लागला.

ती उसवलेली उशी शिवायला बसली. सुईत दोरा जाईना. एकदा, दोनदा, दहादा. दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्याभोवती माशीसारखं फिरत होतं. शेवटी तिचा धीर सुटला.

"अहो, काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडानं वाटोळं केलं हो सगळ्याचं! आठ नळ्या! आठही माझ्या! आणि आता गप्प बसते तर हात लटलट कापतोय. कधी नाही तो कापतोय. त्या मॅडम बिचाऱ्या काही बोलत नाहीत, त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. शेवटचा कोंब आहे, तो गेला की त्या बटाट्याचं नाव पुसलं जाईल, आणि पुसणारी कोण, तर मी!"

नवरा तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या बोटांकडे बघत होता. घड्याळवाल्याची नजर ती, हलणाऱ्या वस्तूवरच जाणार.

"दोरा," तो म्हणाला.

"काय दोरा?"

"गेला."

तिने खाली पाहिलं. दोरा सुईत होता. बोलता बोलता कधी ओवला गेला तिला कळलंही नव्हतं. तिने सुई रिकामी केली आणि गप्प बसून पुन्हा ओवायला घेतली. हात थरथरला. मग तिने मुद्दाम शेजारणीच्या सुनेविषयी बोलायला सुरुवात केली. दोरा सरळ आत.

रेडिओच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे बोललं की जंतू उडतात आणि गप्प बसलं की हात उडतो. सुटका कुठूनच नाही.

तिने सकाळी जाऊन हे मॅडमना सांगितलं. मॅडमना हसू आलं नाही याबद्दल रेडिओ त्यांना जन्मभर दुवा देणार होती. त्यांनी आधी दोन मास्क लावून तिला ताटलीसमोर बोलायला लावलं. बोलता बोलता वाफेने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर धुकं धरलं आणि तिला टोक सोडा, आख्खा बटाटा दिसेना. शिवाय दुसऱ्या दिवशी ताटलीत ठिपके कमी उमटले, पण उमटले. मग काचेच्या खोलीत खराखुरा रेडिओ लावून पाहिला. गाणी वाजत राहिली, हात कापत राहिला. "तो काय माझ्याशी बोलतोय?" ती बाहेर येऊन म्हणाली. त्या खोलीच्या भिंतीत आतबाहेर बोलायला इंटरकॉमचा एक डबा होता. शेजारीण त्या डब्यातून बोलली. ती सारखे प्रश्न विचारायची आणि उत्तर गिळता गिळता रेडिओचा जीव जायची वेळ आली. आचारी बोलायला बसला तर तिला हसू फुटलं आणि पातं कोंबातून आरपार गेलं.

कोंबाची दोन पानं गळून पडली होती.

"घरी तुमच्याशी कोण बोलतं?" मॅडमनी विचारलं.

"माझ्याशी कोणी बोलत नाही मॅडम. मीच बोलते. ते ऐकतात."

"मग त्यांनाच बोलवा."

"त्यांना? अहो, ते दुकानात गिऱ्हाइकाशी खुणेनं बोलतात!"

पण दुसरं कोणी सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून घड्याळवाला आला. बगलेत पिशवी, पिशवीत ते न वाजणारं गजराचं घड्याळ. काचेबाहेरच्या स्टुलावर बसून त्याने घड्याळ मांडीवर उघडलं आणि इंटरकॉमकडे असं पाहिलं, जसं माणूस दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीकडे बघतो.

"बोलत राहायचं," मॅडम म्हणाल्या. "थांबायचं नाही. विषय कुठलाही."

"हं," तो म्हणाला.

आत रेडिओने हात कोपरापर्यंत धुतले, स्पिरिट चोळलं, मास्कच्या कडा चिकटवल्या. मॅडमनी स्वतः उबदार कपाटातून तो बटाटा आणून दिला. सुरकुतलेला, मऊ पडलेला, आणि त्यावर फिकट जांभळा, करंगळीच्या पेराएवढा कोंब. तिने तो कापून स्वच्छ करून भिंगाखाली ठेवला. लॅमिनारची हवा कपाळावर येत होती. ही हवा जंतूंना बाहेर ठेवते, पण उघडं पडलेलं टोक तीच सुकवते. टोक उघडं पडलं की घाई करावीच लागते.

"अं," भिंतीतून आवाज आला. "घड्याळ. गजराचं. यात दोन स्प्रिंगा असतात. एक वेळेची. एक गजराची." त्याने स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली. "गजराची ढिली झाली आहे."

पहिलं पान निघालं. दुसरं. हात कापत होता, पण पानं मोठी होती, निभावलं.

"मग तिला... ताणायचं. फार नाही. बेताने."

तिसरं पान. पात्याचं टोक आता स्पष्ट हलताना दिसत होतं. पुढचं पान केसाएवढं. तिने हात मागे घेतला. घामाचा थेंब भुवईवर आला आणि तिथेच थांबला. तो पुसता येत नव्हता. बोलता येत नव्हतं. काचेपलीकडे मॅडम उभ्या होत्या, शेजारीण होती, आचारी जेली सोडून आला होता. आणि नवरा तिच्या कोपराकडे बघत होता. घड्याळ मांडीवर तसंच पडलं होतं.

त्याने घसा साफ केला.

"आपण फिरायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट," तो म्हणाला. "पहिल्यांदा. बस घाटात बंद पडली होती. निळी बस."

रेडिओचे डोळे भिंगाला लागलेले. भुवई मात्र वर गेली. निळी?

"ढगाळ दिवस होता," नवरा सांगू लागला. "गार वारा सुटला होता. छान वाटत होतं."

ढगाळ! तिच्या मनातल्या मनात कोणीतरी ताडकन उठून उभं राहिलं. अहो, काय डोळे मिटून चालला होतात का? ऊन होतं! माझं कपाळ सोललं होतं! हात पुढे गेला. केसाएवढं पान पात्याने उचललं आणि बाजूला टाकलं.

"मग आपण चालत निघालो. चढ होता."

उतार! घाटातून खाली येताना चढ कुठला? आणखी एक पान निघालं. आता टोक उघडं होतं. दवाच्या थेंबासारखं, बाजूला दोन इवले उंचवटे. हवेचा झोत त्यावरून जात होता.

"तुझी चप्पल तुटली. उजव्या पायातली. मी सुतळीनं बांधून दिली."

सुतळी! ती पिन अजून माझ्या कपाटात आहे! डावा पाय होता, डावा! मनातली ती बाई आता कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिची टकळी नुसती धावत होती. आणि खाली, तिच्याशी काही ओळख नसल्यासारखा, हात आपलं काम करत होता. पातं टोकाच्या मुळाशी टेकलं. सरळ, निवांत. आत गेलं. टोक सुटलं.

तिने पातं उचललं. पात्यावर काही नव्हतं.

कोंबावर पाहिलं. नाही. ताटलीत पाहिलं. नाही. वाऱ्याने उडालं? सबंध पोत्यातलं, सबंध डोंगरातलं जे उरलं होतं ते एवढंसं, आणि ते दिसत नव्हतं. ‘मॅडम’ असं तिच्या घशाशी आलं. ओठ विलग झाले. मास्क आतून हलला.

"मागे मांजर लागलं होतं आपल्या," भिंतीतून आवाज आला.

तिने दात ओठांत रुतवले. मांजर! या माणसाला एका कानाचं मांजर वाटलं ते! तिने पातं अगदी हळू, गजराची स्प्रिंग फिरवावी तसं बोटांत फिरवलं. पात्याच्या पाठीला, ओलसर, एक ठिपका चिकटला होता.

नळीचं तोंड दिव्याच्या ज्योतीवरून फिरवलं. पातं आत नेलं. जेलीला टेकवलं. ठिपका जेलीवर उतरला आणि तिथेच राहिला. बूच लागलं.

ती खुर्चीवरून उठली, दोन्ही दारं ओलांडून बाहेर आली, चिकटपट्टीसकट मास्क उपसून काढला आणि ओरडली,

"हिरवी! हिरवी बस होती हो! आणि मांजर? मांजर?! एका कानाचा कुत्रा होता तो, तुमच्या चपलेवर पाय देऊन बसला होता! ऊन होतं! उतार होता! डावा पाय! जन्मभर सगळं ऐकलंत ते काय या कानानं ऐकून त्या कानानं सोडलंत?"

शेजारीण भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. मॅडमनी काळा चष्मा काढला. "तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगत होतात?" त्यांनी घड्याळवाल्याला विचारलं.

"हं," तो म्हणाला आणि गजराच्या घड्याळाचं मागचं झाकण बसवायला लागला.

पण खरा घोर पुढेच होता. कापलं म्हणजे जगलं असं नाही. रेडिओ रोज सकाळी वाढीच्या खोलीत जायची, मांडणीसमोर उभी राहायची आणि नळीकडे बघायची. हात लावायची परवानगी नव्हती, ती श्वासही जपून घ्यायची. मागच्या नळ्यांत चिकटा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसला होता. ते दिवस आले आणि गेले. जेली काचेसारखी स्वच्छ होती. आचारी रोज विचारायचा, "काय म्हणते जेली?" आणि ती सांगायची, "तुमची जेली आहे, तुमच्यासारखीच मख्ख."

जेली स्वच्छ होती, पण ठिपकाही ठिपकाच होता. पांढरा. मेलेलं टोक पांढरं दिसतं आणि जिवंत टोकही आधी पांढरंच दिसतं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "वाट बघायची." लॅमिनारवर रेडिओ आता मास्क घट्ट लावून बसायची आणि शेजारीण बोलायची. शेजारणीला फार बोलण्यासारखं काही नसे, म्हणून ती तिच्याच गोष्टी चुकीच्या करून सांगायची. यात तिची इतकी प्रगती झाली की एकदा बसऐवजी बोट आली. हात छान चालत होता. पण मांडणीवरची ती नळी पांढरी राहिली तर या खुर्चीला काही अर्थ नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. त्यावर दोघीही बोलत नसत.

एके दिवशी सकाळी ती मांडणीसमोर नेहमीसारखी उभी राहिली. वाकली. आणखी वाकली. मग तशीच उलटी चालत बाहेर आली, नाही तर हातवारे करताना मांडणीला धक्का लागायचा. आणि मॅडमच्या खोलीत जाऊन नुसतं दाराकडे बोट दाखवायला लागली. मॅडम धावत गेल्या. आजकाल त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसू लागलं होतं, तरी त्यांनी शेजारणीला बोलावून खात्री करून घेतली. ठिपक्याच्या एका बाजूला, सुईच्या अग्राएवढी, पोपटी छटा उमटली होती.

पुढे त्याचं रोप झालं, त्या रोपाची विषाणूंसाठी तपासणी झाली आणि रोप निर्मळ निघालं. मग तुकड्यांचे तुकडे होत खोलीभर लाल डोळ्याची रोपं उभी राहिली. पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी मॅडम तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "घरी कळवा."

रेडिओने दुकानात फोन लावला. पलीकडून पाच-पंचवीस घड्याळांची टिकटिक ऐकू आली आणि मग तो श्वास, जो ती कुठेही ओळखू शकली असती.

"अहो," ती म्हणाली. एवढाच शब्द निघाला. "हिरवं."

पलीकडे बराच वेळ टिकटिक.

"निळीच होती," नवरा म्हणाला.

आणि मग रेडिओ जी सुरू झाली, ती आचाऱ्याचा कुकर शिट्टी देऊन, थंड होऊन, उघडला गेला तरी सुरूच होती.